अकरा हिरवे ठिपके

३ फेब्रुवारी

धाकले,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षांनी एकदम प्रिय म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, ते ठरेना. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास, तर मीच गप्प बसले असते.

पत्ता बाबांकडच्या पाकिटावरून घेतला. तू त्यांना दर महिन्याला लिहितेस. ते जेवणाच्या टेबलाशी बसून तुझं पत्र मोठ्याने वाचतात आणि मध्येच दोन-तीन ओळी मनातल्या मनात वाचतात. तेवढ्या ओळी माझ्याबद्दल असतात, हे मला कळतं. छापखान्यात प्रूफं तपासतेस, शाळेच्या पुस्तकांपासून औषधांच्या खोक्यातल्या कागदापर्यंत सगळं वाचतेस, हेही असंच ऐकलेलं. मी मान खाली घालून जेवत असते, पण कान उघडे असतात.

आता कामाचं. पलीकडच्या वेधशाळेतल्या एका बाईंचं पत्र आलंय. आपण जी दीर्घिका मोजली होती, तीच त्या नव्या, मोठ्या दुर्बिणीने पुन्हा मोजणार आहेत. पहिल्या वर्षीच्या अहवालात आपण एकशे त्रेसष्ट ठिपके लिहिले होते; शेवटच्या शोधनिबंधात एकशे बावन्न आहेत. उरलेले अकरा कुठे गेले, असं त्या अगदी सभ्यपणे विचारतात. मी कळवलं, की अकरा ठिपके मोजणीत गळाले. तिसऱ्या वर्षी पुन्हा पाहिलं असतं, पण त्या वर्षीचं चित्र ढगाळ निघालं, तुला आठवत असेल.

तर एवढंच, की त्या अकरांच्या जागा तुझ्या निळ्या वहीत होत्या. वही असली तर पाठव. टाकली असशील तर तसं कळव, मी काही म्हणणार नाही.

खिडकीबाहेर सकाळपासून धुकं आहे. समोरच्या इमारतीतले दिवे तेवढे दिसतायत, इमारत दिसतच नाही. अशा वेळी तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो, पण शिवणयंत्र सोडत नाहीत.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकले,

पाकीट जाड होतं म्हणून वाटलं, वही आली. उघडलं तर माझंच पत्र. लाल शाईने तपासलेलं!

चार जागी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेस. एक स्वल्पविराम उडवलास. आणि ‘गळाले’ या शब्दातला काना उचलून एक अक्षर मागे सरकवलास, की झालं ‘गाळले’. समासात एक अक्षरही नाही. फक्त ‘ढगाळ’ शब्दाभोवती गोल आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी ते पत्र दिवसभर पिशवीत घेऊन फिरले. आधी राग आला. जिन्यात हसूही आलं. संध्याकाळी मात्र नुसतीच बसून राहिले, तेव्हा बाबांनी विचारलं, “काय गं थोरले, कुणी काही बोललं?”

मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. “तुम्ही दोघी नक्की कशावरून भांडलात? मला आपलं वाटायचं, काहीतरी घरचंच असेल. माझ्या आजारपणाचं, नाहीतर या घराचं.”

“नाही बाबा. ठिपक्यांवरून.”

“ठिपक्यांवरून?”

मग समजावून सांगावंच लागलं. त्यांच्या शिवणयंत्राशेजारचा बटणांचा डबा घेतला आणि टेबलावर काळं कापड पसरलं. म्हटलं, सूर्यासारखा तारा म्हातारा झाला, की अंगावरचे कपडे उतरवावेत तसा बाहेरचे थर सोडून देतो. आतला तापलेला गाभा उघडा पडतो आणि त्याच्या उजेडाने तो सुटलेला वायू झळाळतो. त्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात.

“यात ग्रह कुठून आला?”

“ग्रहाचा काही संबंध नाही. पहिल्यांदा ज्यांनी पाहिला त्यांना लहान दुर्बिणीतून तो ग्रहासारखा गोल दिसला.”

“म्हणजे नावच चुकलं. आणि कुणी सुधारलं नाही?”

“नाही.”

“धाकलीकडे पाठवायला हवं होतं,” बाबा म्हणाले.

पुढचं सांगितलं. दूरच्या दीर्घिकेतला एकटा तारा आपल्याला वेगळा दिसत नाही, सगळ्यांचा मिळून एक पांढुरका डाग दिसतो. पण या तेजोमेघांचा बराचसा उजेड एकाच हिरव्या रंगात एकवटलेला असतो, ऑक्सिजनच्या. तेवढाच हिरवा आत सोडणारी काच दुर्बिणीला लावली, की दीर्घिका विझल्यासारखी होते आणि हिरवे ठिपके उरतात. आपल्याकडे येणाऱ्याचा हिरवा किंचित निळसर होतो, दूर जाणाऱ्याचा किंचित तांबूस. त्यावरून प्रत्येकाचा वेग मिळतो. दीर्घिकेच्या कडेला, जिथे तारे इतके विरळ असतात की त्यांचा उजेड हाती लागत नाही, तिथेही हे ठिपके असतात. ते किती वेगाने फिरतात त्यावरून त्यांना बांधून ठेवणारं वजन कळतं, दिसणारं आणि न दिसणारंही. त्या न दिसणाऱ्याला आम्ही कृष्णद्रव्य म्हणतो.

“मग तुझं काय निघालं?”

“कडेचे ठिपके फार सावकाश फिरत होते. म्हणजे तिथे कृष्णद्रव्य जवळजवळ नाहीच. असं कुणाला सापडलं नव्हतं, बाबा. माझं नाव झालं ते त्यावरच.”

बाबांनी डब्यातून अकरा हिरवी बटणं मोजून काढली आणि कापडाच्या एका कडेला ठेवली. “आणि हे?”

“ते एकाच बाजूला होते आणि शेजाऱ्यांपेक्षा सेकंदाला दोनशे किलोमीटर जास्त वेगाने पळत होते. बसत नव्हते, म्हणून काढले.”

बाबांनी त्यातलं एक बटण बोटाने सरळ केलं. मग म्हणाले, “चाळीस वर्षं कपडे शिवले मी. बाही बसली नाही तर बाही उसवायची असते गं. गिऱ्हाइकाचा हात नाही कापायचा.”

तुझा काना बरोबर आहे. गळाले नाहीत. मी गाळले.

ताई


८ मार्च

धाकले,

तुझ्या प्रश्नचिन्हाला गेल्या पत्रात मी बगल दिली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दोन आठवडे त्या खोलीत बसून आज उत्तर लिहितेय.

आपली जुनी खोली अजून तशीच आहे. जाड पडदे, पंख्याची तीच खरखर, तुझ्या खुर्चीचं एक चाक अजून अडकतं. दुपारी दार लावून मी पहिल्या दोन वर्षांची चित्रं पडद्यावर आळीपाळीने लावते. प्रत्येक चित्राची जोडी, रंग उलट दिशांना फाकवून घेतलेली: एकात ठिपका डावीकडे सरकलेला, दुसऱ्यात उजवीकडे. मधलं अंतर म्हणजे वेग. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तासाभराने असं वाटायला लागतं, की ते सगळे श्वास घेतायत. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड हा. यातला एकही तेजोमेघ आता शिल्लक नाही. वीसेक हजार वर्षं चमकतात आणि विरून जातात. आपण मोजत होतो ते सगळे केव्हाच निवलेले होते, आणि आपण त्यांना क्रमांक देत होतो.

काल खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात मी एका खूप मोठ्या पाण्यावरून चालले होते. पाणी काळं आणि कोमट, आणि पावलापावलाला पाण्याखाली एकेक हिरवा दिवा. तू पुढे होतीस, पाठमोरी, आणि आकडे म्हणत होतीस. मी लिहून घेत होते. एवढंच. काही झालं नाही, कुणी बुडालं नाही. जाग आली तेव्हा इतकं बरं वाटत होतं, की पुन्हा डोळे मिटून पाहिले. जमलं नाही.

तर, ढगाळ.

तिसऱ्या वर्षीचं चित्र ढगाळ नव्हतं. पातळ ढग होते सुरुवातीला, मग आकाश निवळलं. तू तेव्हा बाबांच्या शस्त्रक्रियेसाठी घरी थांबली होतीस. शोधनिबंध पाठवायला चार दिवस राहिले होते. मंगळवारी दुपारी मी एकटीने ते चित्र लावलं. तुझ्या अकरांपैकी आठ त्यात होते. त्याच जागी, त्याच वेगाने. मी दोनदा मोजलं. मग चहा प्यायले आणि तिसऱ्यांदा मोजलं.

मग नोंदवहीत लिहिलं: ढगाळ, निरुपयोगी.

त्या वर्षी गटप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, हे तुला माहीत आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. तो आलेख फार सुंदर होता, धाकले. एकशे बावन्न ठिपके आणि त्यांतून हळूच उतरत गेलेली ती रेघ. ती बिघडवणं माझ्या जिवावर आलं. त्यातून ते अकरा तुला सापडले होते, मला नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

तू कामावर परत आलीस आणि बैठकीत म्हणालीस, “त्यांना काढू नका, वेगळे मांडा. हे अकरा एका कुटुंबातले आहेत, दुसऱ्याच कुठल्यातरी दीर्घिकेतून आलेत.” आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आमच्या हिला ठिपक्यांतही नातेवाईक सापडतात.” सगळे हसले. मीही हसले. तू कागद गोळा केलेस, एकेक करून, कडा जुळवून. तुला रडू येत नव्हतं, ते पाहून मला भीती वाटली होती. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, की आठ मी स्वतः पाहिलेत.

बाबांना सांगितलं काल. ते यंत्रावर जाऊन बसले, पण यंत्राचा आवाज आला नाही.

ताई


२६ एप्रिल

धाकले,

वही पोचली. वहीत ठेवलेली चिठ्ठीही पोचली. ‘पान चाळीस. पेन्सिल पुसट झालीय, उजेडात धर.’ एवढंच होतं त्यात, पण तुझं अक्षर होतं. पान खिडकीशी धरलं. अकरा गोल, आणि त्यांना जोडणारी एक पुसट कमान. म्हणजे कमान तेव्हाच दिसली होती तुला. बैठकीत तू फक्त अर्धंच बोललीस, कारण अर्ध्यावर मी हसवलं.

आता ऐक, काय काय झालं. त्या बाईंना मी तिन्ही चित्रं पाठवली आणि नोंदवहीतली ओळ खोटी आहे, हेही लिहिलं. तीन आठवडे काही आलं नाही. मग एका सकाळी त्यांचाच फोन. नमस्कार वगैरे काही नाही, एकदम म्हणाल्या, “चौतीस आहेत.”

“काय?”

“तुमच्या अकरांचे चौतीस झाले. मोठ्या दुर्बिणीत अंधूकही दिसतात. लांबलचक पट्टा आहे, दीर्घिकेच्या कडेला वळसा घालून गेलेला. आणि त्यांतल्या तेजस्वी सहांचा वर्णपट घेतला. ऑक्सिजन बराच कमी आहे. हे तारे इथले नाहीत.”

तुला तर माहीतच आहे, तारा जाता जाता जो वायू सोडतो त्यात त्याच्या जन्माचीही नोंद असते. लहान दीर्घिकेत जन्मलेल्यांकडे ऑक्सिजन कमी. म्हणजे कधीतरी एक छोटी दीर्घिका या मोठीच्या जवळ आली, हळूहळू ओढली गेली, उसवत गेली आणि तिचे तारे असे पट्ट्यात सांडले. नंतर त्यातला एकेक म्हातारा झाला आणि हिरवा होऊन आपल्याला दिसला. आणि असा पट्टा इतक्या वेगाने वळवायचा तर वजन लागतं, भरपूर. माझं म्हणणं चुकलं. तिथे कृष्णद्रव्य आहे. जेवढं असायला हवं तेवढं आहे. कडेचे बाकीचे ठिपके सावकाश वाटले, कारण ते आपल्या नजरेला आडवे पळत होते, आणि आडवा वेग रंगात दिसत नाही.

संचालकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “छान आहे की! नवा शोधनिबंध लिहा. जुन्याबद्दल कशाला बोलायचं? विज्ञान पुढे जातं, जुनं आपोआप मागे पडतं.”

“हे मागे पडलेलं नाही सर. मी लपवलेलं आहे.”

“असं कुणी लिहितं का, बाई?”

खरं सांगू? दोन दिवस मोह पडला होता. बाबांनाही बोलून दाखवला. ते म्हणाले, “तुझं तू बघ. मला फक्त एवढं सांग, धाकलीला पुढच्या पत्रात मी काय लिहू?”

तिसऱ्या दिवशी निबंध मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. कारण स्पष्ट लिहिलं, ढगाळ या शब्दासकट. गटप्रमुखाची खोली महिनाअखेर सोडायची आहे. चौकशी होईल, मोजायचं काम बहुतेक राहील. जिन्यात लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. एक जुना सहकारी मात्र समोरून आला आणि खिशात काहीतरी शोधत निघून गेला. त्याचंही त्या निबंधावर नाव होतं. त्याने विश्वासाने सही केली होती. त्याची माफी मागायची अजून हिंमत झालेली नाही.

नव्या निबंधावर पहिलं नाव कुणाचं, असं त्या बाईंनी विचारलं. मी तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांना विचारलंत का?” नव्हतं विचारलं. बघ, अजून सवय जात नाही. तर आता विचारते. तुझं नाव घालू का? नको म्हणालीस तर घालणार नाही. माझं कुठेच नसेल, ते ठरलंय.

ताई


११ जून

प्रिय धाकले,

तुझी गाडी सुटून तीन तास झाले. घरी आले, बाबा जेवून पडलेत, आणि मी तुलाच लिहायला बसलेय. समोर असताना दोन दिवसांत जे बोलता आलं नाही, ते तू गेल्यावर सुचतंय.

तुझं ‘शनिवारी येते, बाबांना सांगू नकोस, उगाच सकाळपासून खिडकीत बसतील’ हे कार्ड मी बाबांना दाखवलं होतं. ते सकाळपासून खिडकीत बसले होते. तू दारात आलीस तेव्हा मात्र यंत्रावर होते, आणि मान वर न करता म्हणाले, “आलीस? बस, एवढी शिवण संपवतो.” शिवण कसली, सुईत दोराच नव्हता.

पहिला दिवस आपण भाजी, बाबांचा गुडघा आणि छापखान्यातली गळकी खिडकी यांवर काढला. तुझ्या केसांत इतके पांढरे झालेत, हे मला पत्रांतून कसं कळणार होतं? मी पाहत होते ते तुला दिसत होतं. तू म्हणालीस, “काय मोजतेस?” आणि मी म्हटलं, “काही नाही.” खरं तर मोजतच होते.

काल दुपारी तूच म्हणालीस, “चल, चौतीस दाखव.”

दार लावलं, पडदे ओढले, तुझ्या जुन्या खुर्चीत तू बसलीस. पट्टा पडद्यावर आला आणि तू खुर्ची पुढे ओढलीस. मी तुझ्याकडे पाहिलंच नाही. मग तू सरळ आकडे वाचायला लागलीस आणि मी लिहून घ्यायला लागले, पूर्वीसारखी. जागा, वेग, तेज. जागा, वेग, तेज. पंखा खरखरत होता. मधूनच तू म्हणायचीस, “हा बघ, हा किती एकटा पडलाय,” आणि मी म्हणायचे, “हं.” बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली आणि निघून गेलं. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. आयुष्यात इतकी स्वस्थ मी कधी होते, आठवत नाही.

म्हणूनच आज फलाटावर ते बोलून गेले. “परत ये ना. तुझ्यासाठी जागा मागते, आता तर कुणी नाही म्हणणार नाही.”

तू पिशवी खांद्यावर घेतलीस, खाली ठेवलीस. “नाही ताई. कामाला नाही यायचं मला.”

“माझ्यामुळे?”

“तुला वाटतं, सगळं तुझ्यामुळेच होतं,” तू म्हणालीस. रागाने नाही. “निघाले तुझ्यामुळे. पहिली दोन वर्षं रोज तुला शिव्या घातल्या. पण राहिले ती माझ्यामुळे. मला आवडतं तिथे. सकाळी ओल्या शाईचा वास येतो, चौघीजणी मिळून वाचतो, संध्याकाळी डोकं रिकामं घेऊन घरी जाते. मला आकाश आवडत होतं गं. त्या बैठका नाही.”

सहा वर्षं मी मनात एकच हिशेब धरून बसले होते, की मी तुझं आयुष्य मोडलं. आणि तू तिकडे एक अख्खं आयुष्य जगत होतीस, त्यात मी कुठेच नव्हते. याचं बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरत नाही.

गाडी आली तेव्हा मी विचारलं, “मला माफ केलंस?”

तू डब्याच्या पायरीवर उभी राहून खरंच विचार केलास. किती वेळ! मागच्या माणसाने “चला हो बाई” म्हटलं. मग म्हणालीस, “रोज थोडं थोडं करते. काही दिवशी नाही जमत.” आणि वर चढलीस.

मला हे उत्तर पुरतं, धाकले. याहून जास्त दिलं असतंस, तर मी विश्वास ठेवला नसता.

घरी आल्यावर टपाल पाहिलं. निबंध स्वीकारला गेलाय. संपादकांचा एकच प्रश्न आहे. पहिल्या लेखिकेच्या नावाखाली तू सांगितलास तसा छापखान्याचा पत्ता घातलाय, प्रूफवाचन विभाग, तळमजला. तो चुकून पडला आहे का, असं त्यांनी विचारलंय. मी लगेच कळवलं: चूक नाही. त्या तिथेच काम करतात.

बाबा उठले वाटतं. आतून विचारतायत, गाडी वेळेवर होती का, खिडकीची जागा मिळाली का, आणि पोचलीस का. मी सांगितलं, अजून अर्ध्या वाटेतही नसेल. ते म्हणतायत, तरी विचार.

पोचलीस की कळव.

तुझी,
ताई